मानस

चोडणच्या धक्क्यावर फेरीबोट दिसायच्या आधीच
शौनक सांगतो, आज खालचं शेवाळ उघडं असेल, जपून.
ते उघडंच असतं.
तो सहा वर्षांचा आहे.

माझ्या पिशवीत त्याच्या शाळेचं कॅलेंडर.
शेऱ्यांचं पान केव्हाच भरलं,
वर दोन कागद चिकटवलेत.
'बाकाखाली बसला. बोलावूनही बाहेर आला नाही.'
'टीचरना चूक म्हणाला.'
'रिवाच्या दंडाला चावला.'
टीचर त्या दिवशी खरंच चुकल्या होत्या,
तीनातून पाच जात नाहीत, असं फळ्यावर लिहून.
पण चावाही खरा होता. चार दात उमटलेले.
मी पेरू घेऊन रिवाच्या घरी गेले,
तिच्या आईने दार अर्धंच उघडलं.
तिच्या जागी मीही तेवढंच उघडलं असतं.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, आधी तो बसायला शिकू दे,
मग पुढच्या गणिताचं बघू.
बांबोळीच्या डॉक्टरीणबाई गेल्या खेपेस म्हणाल्या,
आधी वागणं जरा स्थिर होऊ दे, मग पुढचं बघू.
दोघी एकमेकींना ओळखतही नाहीत.
मागे पडलेल्यांसाठी शाळेत एक खोली आहे,
मंगळवारी आणि शुक्रवारी.
पुढे गेलेल्यांसाठी नाही.
आणि जो एकाच बाकावर
पुढेही आहे नि मागेही,
तो बहुतेक वेळा व्हरांड्यात असतो.

त्याचा बाप म्हणतो, मीही असाच होतो,
वेताच्या छडीने सरळ झालो.
असं म्हणतो
आणि टीव्ही लावून काहीच बघत नाही.

आमच्या खाजनाच्या बांधात एक मानस आहे.
जुनी लाकडी दारं, नदीच्या बाजूला उघडणारी.
तिथे इनासमामा जाळं लावून बसतो.
वर्गात सात मिनिटं न टिकणारा हा
त्याच्या शेजारी दीड तास बसला,
गुडघ्यांवर हनुवटी टेकून.
दार कोण उघडतं, त्याने विचारलं.
कोणूच ना रे पूता, उदकूच.
आतलं पाणी चढलं की दार बाहेर ढकलतं,
नदी चढली की तेच दार मिटून घेतं.
तेव्हापासून त्याची एक वही आहे,
उलट्या पाच-सातांनी भरलेली.
इनासमामा रोज विचारतो, उद्या किती वाजता?
आणि दुसऱ्या दिवशी घड्याळ घालून येतो.

परवा जेवताना घास तसाच धरून म्हणाला,
भरती रोज पन्नास मिनिटं उशिरा येते, आई.
तिच्या कॅलेंडरात कोण लिहितं?
मला हसू आलं. मग ताटावरून उठावं लागलं.

आज पुन्हा तो फॉर्म.
वागणुकीसाठी अकरा ओळी,
मी त्या भरल्या, एकही न लपवता.
'विशेष आवड' याला अर्धी ओळ.
तिच्याखाली, 'सध्या कोणाची मदत घेता?'
पेन बराच वेळ हवेत राहिलं.
मग लिहिलं, इनास, मानशीवरचा.

मानशीवरचा म्हणजे? डॉक्टरीणबाईंनी विचारलं.
मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात
टेबलाखालून आवाज आला,
दार कोणीच उघडत नाही,
तुम्हाला वाटतं कोणीतरी उघडतं.
त्यांनी घड्याळ पाहिलं.
बाहेर अजून नऊ जण बसले होते.
मग चष्मा काढून ठेवला, खुर्ची मागे सारली
आणि साडी सावरत खाली बसल्या.
मला वरून फक्त त्यांचा अंबाडा दिसत होता.

परतताना फेरीवर भोंगा वाजला,
तो कान दाबून किंचाळला, माझा हात ओरबाडला.
लोकांनी पाहिलं. पाहू दे म्हणायला
मला अजून जमत नाही.
पुढची तारीख अकरा मार्च.
पलीकडे उतरताना शांत झाला, म्हणाला,
तेव्हा धक्क्यावर पाणी पार वर असेल,
चपला हातात घ्याव्या लागतील.
कॅलेंडरात जागा नव्हती.
मी तळहातावर लिहून घेतलं.